सुनेचं पुस्तक

रविवारच्या शाळेत मुलांना मी शिकवावं, असं पाळकांनी सुचवलं. मंडळीचे वडील पंच सालोमनकाका उजागरे म्हणाले, "आधी परीक्षा. पवित्र शास्त्रात पुस्तकं ओळीनं लावलीत. नियमशास्त्र, इतिहास, काव्य, संदेष्टे; मग नव्या करारात शुभवर्तमानं नि पत्रं. यात कालच्या सुनेनं बोलायची जागा कुठली, दाखव बरं."

मी पदर सावरला. "जुन्या करारातच आहे, काका. लोकांचा न्याय करणाऱ्या शास्त्यांचं पुस्तक संपलं, की लगेच रूथचं लागतं. ती सूनच होती."

काका चष्मा पुसत राहिले. पाळकांनी खडूचा डबा माझ्यापुढे सरकवला.

"आणि सासूच्या नावाचं पुस्तक?" मागच्या बाकावरून सासूबाईंनी हळूच विचारलं.

"वेगळं नाही, आई. सुनेच्याच पुस्तकात त्या पहिल्या पानापासून आहेत."