मुकुंद कासाराचे भरलेले कोठार

नदीकाठच्या एका गावात मुकुंद नावाचा कासार राहत होता. दिवसा तो बांगड्या विकायचा आणि संध्याकाळी राज्य करायचा. हे राज्य संगणकावरच्या खेळातले. खेळाचे नाव ‘गडराज्य’. त्यात जुन्या काळासारखे किल्ले बांधायचे, शेते पिकवायची, कोठारात धान्य साठवायचे आणि मग कुठे सैन्य उभे करायचे. धान्य संपले की सैनिक उपाशी, आणि उपाशी सैनिक तट सोडून चालते होतात. खेळ झाला म्हणून काय झाले, पोट तिथेही आहेच.

मुकुंदाला मात्र ही कटकट नव्हती. त्याला कुणीतरी एक चीट कोड सांगितला होता. कीबोर्डवरची दोन बटणे एकदम दाबली की पडद्याच्या तळाशी एक पट्टी उघडे. तिच्यात ‘गजगजगज ७७७’ असे काहीतरी अगम्य लिहिले की कोठार काठोकाठ भरे. ना नांगरणी, ना पेरणी. खरे तर ती पट्टी इतर खेळाडूंशी बोलण्यासाठी होती. तिच्यात लिहिलेले सगळ्यांच्या पडद्यावर दिसे. पण मुकुंद घरी एकटाच खेळे, त्यामुळे त्याचे लिहिणे वाचायला कुणी नसे. तीन वर्षांत त्याने खेळात एक शेत पिकवले नाही, आणि तरी तो स्वतःला मोठा सेनापती समजे. भरल्या कोठारावर बसून कुणीही समजेल!

गावच्या वाचनालयात दोनच संगणक होते. त्यातला एक तापला की आपोआप बंद पडे. परीक्षेचे अर्ज भरायला आलेल्या मुली आपली पाळी येईपर्यंत दुपारभर बाकावर बसून राहत. त्या वर्षी शेजारच्या गावाशी गडराज्याचा सामना ठरला. जिंकणाऱ्या गावाच्या वाचनालयाला पाच नवे संगणक मिळणार होते. गावाने मुकुंदाला पुढे केले. पण सामना जोडीचा होता, आणि गावात हा खेळ येणारे दुसरे माणूस एकच निघाले. ती म्हणजे गिरणीवाली अनसूया मावशी.

सोमवारी गिरणी बंद असे. तेव्हा मावशी पेपर वाचायला वाचनालयात येई आणि तिथल्या संगणकावर स्वतःच करून बघत ती खेळ शिकली होती. दळण संपले की गिरणीला हात लावून नमस्कार करायची तिची रीत. खेळातले पहिले पीक कोठारात आले, तेव्हा तिने पडद्यालाही नमस्कार केला होता. ती आधी शेते करी, मग विहीर, मग पुन्हा शेते.

मुकुंद तिला म्हणाला, “मावशी, तुमची शेतं पिकेपर्यंत शत्रू आपल्या किल्ल्यात नातवंडं खेळवत बसेल.”

“बसू दे की. जेवायला तर घालता येईल त्यांना,” मावशी म्हणाली.

सामन्याचा दिवस उजाडला. शेजारच्या गावातला हॉल दोन्ही गावांच्या माणसांनी भरला. मागच्या भिंतीवर मोठा पडदा लावला होता, त्यावर चारही किल्ले दिसत होते. नाणेफेक झाली. मुकुंद आणि मावशी यांनी किल्ले राखायचे आणि समोरच्या जोडीने हल्ला करायचा, असे ठरले. घंटा होईपर्यंत दोघांपैकी एकाचा जरी किल्ला उभा राहिला, तरी ते जिंकले. पंचांनी आधीच बजावले, “चीट कोड बंद केलेले आहेत.”

मुकुंदाने मनाशी म्हटले, ‘बरेच झाले. आपल्याला त्याची गरज काय?’ हे तो अगदी प्रामाणिकपणे म्हणाला, हे सांगायलाच हवे. फसवायचे त्याच्या मनात नव्हते. त्याने भराभर घोडेस्वार उभे केले, हत्ती उभे केले, तटावर तिरंदाज चढवले. लोक टाळ्या वाजवू लागले. शेते करायला मात्र तो विसरला. विसरला तरी कसे म्हणावे? ती करायची असतात, हेच त्याच्या हातांना माहीत नव्हते.

अर्धा वेळ गेला आणि त्याचे कोठार रिते झाले. तटावरचे तिरंदाज एकेक करून उतरू लागले. समोरून शत्रूचे हत्ती वेशीला भिडले. जोडीदाराकडे धान्य मागायचे बटण खेळात होते, पण त्याने ते कधी दाबले नव्हते. ते कुठे आहे, हेही त्याला ठाऊक नव्हते. त्याला बाकावर बसून राहणाऱ्या मुली आठवल्या. आणि मग त्याच्या बोटांनी सवयीप्रमाणे आपणहून दोन बटणे एकदम दाबली.

‘गजगजगज ७७७.’

कोठार भरले नाही. ती अक्षरे मात्र चारही खेळाडूंच्या पडद्यांवर आणि मागच्या मोठ्या पडद्यावर ठळक उमटली. हॉलमध्ये हशा पिकला. मुकुंदाला वाटले, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरे.

इतक्यात त्याच्या पडद्यावर एक ओळ आली : ‘अनसूया यांनी आपले सर्व धान्य पाठवले आहे.’

कोठार भरले. तिरंदाज पुन्हा तट चढले. वेशीवरचे हत्ती मागे हटले. पण मावशीकडे आता दाणा उरला नव्हता. थोड्याच वेळात तिचे सैनिक निघून गेले आणि तिचा किल्ला पडला. “गिरणीवाली गेली!” कुणीतरी ओरडले, आणि पुन्हा हशा झाला. मावशीने हात मांडीवर ठेवले आणि ती मुकुंदाचा किल्ला पाहत राहिली. घंटा झाली तेव्हा तो उभा होता.

गावकऱ्यांनी मुकुंदाला खांद्यावर घेतले. “सेनापती! सेनापती!” मावशी बाजूला उभी राहून आपली पिशवी शोधत होती. मुकुंद धडपडत खाली उतरला आणि तिच्याजवळ गेला.

“मावशी, मला धान्य हवंय हे तुम्हाला कसं कळलं?”

“अरे, गजगज काय, सातशे सत्त्याहत्तर काय! शहाणा माणूस असलं काही लिहितो का? म्हटलं, पोराचं काहीतरी बिनसलंय. तुझं कोठार बघितलं, तर रिकामं.”

“पण तुमचा किल्ला गेला.”

“माझा गेला. आपला राहिला ना?”

तेवढ्यात मुकुंदाचे नाव पुकारले गेले. संयोजकांनी त्याला मंचावर बोलावून त्याच्या हातात माईक दिला. दोन शब्द बोलून, हार घालून घेऊन त्याला घरी जाता आले असते. खरी गोष्ट कुणाला माहीत नव्हती, आणि मावशी तर सांगणाऱ्यातली नव्हती.

मुकुंद म्हणाला, “तुम्ही हसलात ती अक्षरं म्हणजे चीट कोड. तीन वर्षं मी त्याच्यावरच खेळलो. मला शेत करता येत नाही. आज माझे सैनिक जेवले ते मावशींचं धान्य. त्यांनी सगळं मला दिलं म्हणून त्यांचा किल्ला पडला. संगणक त्यांनी जिंकलेत.”

मग टाळ्या सुरू झाल्या, आणि आधी हसलेल्यांनी त्या सगळ्यात जोरात वाजवल्या. मावशी लाजून म्हणाली, “पुरे रे आता. ती संगणकांची खोकी टेम्पोत नीट ठेवा आधी.”

परत येताना टेम्पोत दोघे त्या पाच खोक्यांना धरून बसले होते. खड्डा आला की मावशी एका हाताने खोके सावरी आणि दुसऱ्या हाताने मुकुंदाला. मुकुंद म्हणाला, “मावशी, तीन वर्षं माझं कोठार रोज भरत होतं. पण एकदाही कुणाचे आभार मानावेसे वाटले नाहीत. मानणार कुणाचे? देणारं कुणी नव्हतंच. आज पहिल्यांदा कुणीतरी दिलं.”

आणि बांगड्या विकताना गावभर बडबडणारा तो माणूस पदर नसल्यामुळे शर्टाच्या बाहीने डोळे पुसू लागला.

तात्पर्य: युक्तीने आयते भरलेले कोठार ऐन वेळी रिकामे निघते. तेव्हा स्वतःच्या कष्टाचे धान्य जो आपल्याला देतो, त्याचे उपकार चारचौघांत मोकळेपणाने मानावेत.