सर्व्हरअण्णांची शोकसभा

यंत्रंही माणसांसारख्या सभा भरवत असत, तेव्हाची गोष्ट. एका वाचनालयात भर दुपारी वीज गेली. बिनखिडकीच्या खोलीत चाचपडताना ग्रंथपाल मुजुमदारबाईंचा पाय मॉनिटरच्या वायरीत अडकला आणि वायर कपाटातल्या सर्व्हरमधून निम्मी बाहेर आली. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

तासाभराने वीज आली. मॉनिटर जागा झाला, पण त्याला काळोखाशिवाय काही दिसेना.

"सर्व्हरअण्णा गेले!" त्याने जाहीर करून टाकलं.

"अहो, आधी नाडी तरी बघा," कीबोर्ड म्हणाला.

"मला दिसत नाहीत, म्हणजे गेले!"

लगेच शोकसभा भरली. मॉनिटर अध्यक्ष झाला, कारण सगळ्यांत मोठं तोंड त्याचंच होतं. अण्णांनी काम सांगितलं की हटकून कागद अडकवणारा प्रिंटरही त्यांच्या आठवणींनी गहिवरला. अण्णांना भंगारात द्यावं आणि त्यांचं कपाट प्रिंटरला मिळावं, असा ठराव एकमताने मंजूर झाला. मग सगळे दोन मिनिटं स्तब्ध उभे राहिले.

तेवढ्या शांततेत पहिल्यांदाच ऐकू आलं, की कपाटात पंखा घरघरतोय.

"अहो, वीज आल्यापासून मी कामालाच लागलोय," कपाटातून अण्णा म्हणाले. "मॉनिटरराव, तुमची वायर सुटलीये."

मॉनिटरने घसा खाकरला.

"अण्णा, ठराव मंजूर झालाय. आता जिवंत व्हायचं असेल, तर पुढच्या सभेत अर्ज द्या."