उजेड सारवताना

"पण चाचा, कमीत कमी उजेड किती लागतो?"

"कुणाला?"

"कॅमेऱ्याला. दुसरं कुणाला लागणार?"

दाऊदचाचांनी बशीतला चहा संपवला, बशी पालथी घातली आणि समोरच्या डोंगराकडे बघत बसले.

विचारणारा विश्राम डुंबरे. नारायणगावचा फोटोवाला. आसपासच्या गावांत लग्न ठरलं की लोक आधी विश्रामची तारीख विचारत, मग कार्यालयाची. गडी हुशार, त्यात वाद नाही, पण त्या हुशारीला मिशा फुटलेल्या. आल्याआल्या त्यानं आपला कॅमेरा चाचांपुढे ठेवला आणि हा काजव्याच्या उजेडातसुद्धा चेहरा टिपतो म्हणून सांगितलं. मग माझ्याकडे कशाला आलास, असं चाचांनी विचारल्यावर मात्र त्याला घोटभर पाणी प्यावं लागलं.

दाऊद मोमीन ऐंशीच्या पुढचे. जुन्नरच्या डोंगरात लेणी आहेत, आणि लेण्यांच्या आत दगडात खोदलेल्या लहान लहान खोल्या. भर दुपारी तिथं स्वतःचा हात स्वतःला दिसत नाही. अभ्यासक मंडळींसाठी तिथले फोटो काढण्यात चाचांचा जन्म गेला. सोबत एक तिपाई, एक कॅमेरा आणि एक लहानसा टॉर्च. अंधारात कॅमेऱ्याचा पडदा उघडा ठेवायचा आणि टॉर्चचा बारीक उजेड दगडावरून हळूहळू फिरवायचा. जिथं उजेड पोचला तेवढंच चित्रात उतरतं. विश्राम त्याला लाइट पेंटिंग म्हणायचा. चाचा म्हणायचे, उजेड सारवणं.

विश्रामला हे शिकायचं होतं ते आईसाठी.

हौसाबाईंच्या डोक्यात गाठ झाली होती. पुण्याच्या डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं, आणि घरी न्या म्हणजे काय ते घरच्यांना न सांगताच कळलं. उजेड तिला सोसत नव्हता. तीन महिने तिच्या खोलीच्या खिडकीवर घोंगडी ठोकलेली होती. आणि विश्रामच्या घरात भिंतीला लावण्यासारखा तिचा एकही फोटो नव्हता.

म्हणजे असं, की नवरा वारल्यापासून बाई कुठल्याही कार्यात कॅमेरा निघाला की बाजूला सरकायची. विधवेनं पुढं येऊ नये, अशी रीत. कुणी तिला मागं हो म्हणत नसे, कारण म्हणायची वेळच ती येऊ देत नसे. आणि खोटं कशाला सांगा, विश्रामनंही तिला कधी हात धरून पुढं आणलं नाही. हजारो बायकांना पदर नीट करा, हनुवटी वर करा, असं सांगणारा हा माणूस. घरची एक तेवढी राहून गेली.

दुसऱ्या दिवशी दोघं डोंगर चढले.

आतल्या एका खोलीत चाचांनी दगडी ओट्यावर पाण्याचा रिकामा तांब्या ठेवला. दारावर कांबळं टाकलं. तांब्यापासून भिंगापर्यंत सुतळी ताणून गाठ मारायला लावली. काळोखात फोकस लागत नाही, म्हणून बाहेर उन्हात तेवढ्याच सुतळीवर फोकस धरायचा आणि मग भिंगाला हात लावायचा नाही. टॉर्चच्या तोंडाला काळ्या कागदाची पुंगळी. अंगात गडद कपडे. पडदा तीस सेकंद उघडा. एवढी सगळी विद्या.

विश्रामला वाटलं, हे तर पोरखेळ आहे.

पहिल्या फोटोत तांब्याच्या जागी एक पांढरा डाग आला. हात एका जागी थांबला होता.

दुसऱ्यात टॉर्चचं तोंड कॅमेऱ्याकडे वळलं होतं. नुसती एक पेटती रेघ आली.

तिसऱ्यात तांब्या आला, ओटा आला, मागची भिंत आली, छतसुद्धा आलं. विश्रामनं मोठ्या खुशीत तो चाचांना दाखवला.

"दिवसासारखा आलाय," चाचा म्हणाले.

"चांगलाच ना मग?"

"दिवसासारखाच पाहिजे होता तर कांबळं कशाला टाकलं?"

विश्रामला राग आला. घरी आई मरायला टेकलीय आणि हा म्हातारा तांब्या घेऊन बसलाय, असं त्याच्या मनात आलं. पण गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, ते बरंच असतं. तो मुकाट्यानं पुन्हा सुरुवातीला गेला. दिवसभर सारवत राहिला. चौथ्या दिवशी तांब्याची एक कड, तिच्याखालचा गळा आणि बाकी सगळा अंधार, असा एक फोटो उतरला. चाचांनी तो पाहिला आणि मान हलवली.

"आता आईचा काढतो," विश्राम म्हणाला. "तिला कळणारसुद्धा नाही, इतका बारीक उजेड."

"ती बसते कशी?"

"खाटेवर. भिंतीकडे तोंड करून."

"भिंतीकडे का?"

"उजेड सोसत नाही म्हणून. सांगितलं ना."

"खोलीत उजेड आहे?"

"नाही."

"मग भिंतीकडे का?"

आजारच तसा आहे, असं काहीतरी विश्राम पुटपुटला. चाचांनी ओट्यावरचा तांब्या उचलून खाली ठेवला.

"बस इथं. तू आई. मी फोटोवाला."

विश्राम हसला, पण बसला. चाचांनी दारावरचं कांबळं सारखं केलं आणि काळोख झाला.

म्हातारा अनवाणी होता. पावलं आधी डाव्या हाताला वाजली, मग उजव्या. मग अगदी जवळ, कानापाशी. मग वाजायची थांबली. विश्राम वाट बघत राहिला. आता लावतील, आता लावतील. पावलं पुन्हा सुरू झाली, पाठीमागून. त्याची मान आपोआप आखडली. एवढ्याशा टॉर्चला काय भ्यायचं, असं त्यानं स्वतःला बजावलं. पावलं समोर येऊन थांबली…

"चाचा, लावा ना एकदाचा."

"टॉर्च तुझ्या पिशवीत आहे," चाचा म्हणाले. "पिशवी बाहेर ठेवलीस तू."

तेव्हा विश्रामला कळलं, की आपले दोन्ही तळवे आपल्याच डोळ्यांवर गच्च दाबलेले आहेत.

मग त्या काळोखातच त्यानं सगळं सांगितलं. महिन्यापूर्वी तो कॅमेरा घेऊन आईच्या खोलीत गेला होता. तिला काहीही न सांगता. फ्लॅश तो काय, डोळ्याचं पातं लवायच्या आत होऊन जाईल, कायमचा फोटो राहील, असा त्याचा हिशेब. फ्लॅश पडला आणि म्हातारी अशी किंचाळली की शेजारची माणसं धावून आली. तिचं डोकं भिंतीवर आपटलं होतं. फोटोत काय आलं तर उघडं तोंड. तो त्यानं तिथंच पुसून टाकला. तेव्हापासून उंबऱ्याशी त्याचं पाऊल वाजलं की ती पदर डोळ्यांवर ओढून भिंतीकडे वळते. बहीण मंदा आत गेली तर वळत नाही. शेजारीण गेली तरी नाही.

"फक्त मी गेलो की," विश्राम म्हणाला, आणि त्याला रडू फुटलं.

चाचांनी त्याला रडू दिलं. मग कांबळं काढलं, झटकलं, घडी केली.

"कॅमेरा माझ्याकडे ठेवून जा."

"किती दिवस?"

"ते तिला विचार."

"तेवढे दिवस नाहीत हो तिच्याकडे."

चाचा खाली उतरायला लागले होते.

विश्राम रिकाम्या हातानं घरी गेला. रस्ताभर म्हाताऱ्याला शिव्या घातल्या. पण दुसऱ्या दिवशी सकाळी आईच्या दाराबाहेर उभा राहून त्यानं हाक मारली. आई, मी विश्राम. माझ्या हातात काही नाही. आत येऊ का?

आतून पदर ओढल्याचा आवाज आला. तो आत जाऊन जमिनीवर बसला. तासभर बसला आणि उठून आला.

असं रोज चाललं. लग्नसराईचे दिवस. लोक तारखा मागायला यायचे आणि दुकानाला कुलूप बघून परत जायचे. भावकीत कुजबुज सुरू झाली, की गड्याच्या डोक्यावर परिणाम झाला. विश्राम काळोखात बसायचा. बसून बसून त्याला आईचा श्वास ओळखू यायला लागला, दुखतंय तेव्हाचा वेगळा आणि डोळा लागल्यावरचा वेगळा. गेल्या वीस वर्षांत तो तिच्याजवळ एकूण इतका बसला नव्हता. याची त्याला लाज वाटली, आणि तरी तो बसायला जात राहिला.

पाचव्या दिवशी तिनं पाणी मागितलं. त्याच्याकडे. सहाव्या दिवशी विहिरीवरच्या आंब्याला यंदा मोहोर किती आला ते विचारलं. आंबा तोडून सहा वर्षं झाली होती. विश्राम म्हणाला, चिक्कार आलाय.

अकराव्या दिवशी ती आपणहून म्हणाली, "तुझा कॅमेरा कुठंय रं?"

"ठेवलाय एकाकडं."

"आण जा. माझा फोटू नाय घरात. उद्या भिंतीला काय लावशील?"

तो दुपारीच जाऊन घेऊन आला. चाचांनी कॅमेरा दिला.

खोलीत त्यानं चाचपडत तिपाई लावली. काय काय करणार ते सगळं आईला आधी सांगितलं. सुतळीचं एक टोक तिच्या हातात दिलं आणि नाकाच्या शेंड्याला लावून धर म्हणाला. तिचा हात थरथरत होता. ती थरथर सुतळीतून त्याच्या बोटांपर्यंत येत होती. बाहेर जाऊन त्यानं तेवढ्या लांबीवर फोकस धरला, परत आला. पुंगळी लावलेला टॉर्च मुठीत घेतला.

"आई, टॉर्च लावायच्या आधी सांगीन. तीनदा सांगीन."

"पदर काढला बघ मी," ती म्हणाली. "तुझ्याकडंच त्वांड हाय."

विश्रामनं पडदा उघडला.

अंगठा बटणावर होता. त्यानं मोजायला सुरुवात केली. पाच. दहा. ती हलत नव्हती. ती श्वास धरून बसली होती, शहाण्या मुलीसारखी. पंधरा. आता सांगायला हवं, लावतो म्हणून. त्यानं तोंड उघडलं… पण शब्द निघेना. वीस. पंचवीस.

पडदा मिटल्याचा खट्ट आवाज झाला.

"झाला?"

"झाला."

"बरा आला का?"

"बरा आला, आई."

"या बारीला काहीच खुपलं नाय बघ," हौसाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज खूश होता.

तीन दिवसांनी त्या गेल्या.

तेरावं झाल्यावर विश्राम चाचांकडे आला. हजामत केलेलं डोकं, हातात एक पाकीट. घरात काय झालं ते त्यानं थोडक्यात सांगितलं. दहाव्याला ठेवायला फोटो पाहिजे होता, तर शेवटी मंदानं आईच्या आधार कार्डावरचा मोठा करून आणला. धुरकट, बाई कोण ते सांगावं लागेल असा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, असं पाहुणे त्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोलले. मंदानं तर विचारलं, की तू त्या खोलीत एवढे दिवस करत काय होतास?

"सगळं शिकलो तुमच्याकडं, चाचा. आणि ऐन वेळेला हात चालला नाही."

त्यानं पाकिटातून कागद काढला. स्वतःच्या दुकानात छापलेला, मोठा, गुळगुळीत. वरपासून खालपर्यंत काळा.

चाचांनी कागद घेतला. उंबऱ्यापाशी गेले, उन्हात धरला. थोडा तिरपा केला. चष्मा पुसून पुन्हा लावला.

"काही नाही हो त्यात," विश्राम म्हणाला. "पदर काढला असं ती म्हणाली. मी कुठं पाहिलं? माझ्यासमोर डोळे उघडले होते तिनं, का भीतीनं मिटूनच बसली होती, ते आता मला कोण सांगणार?"

चाचांनी कागद डोळ्यांजवळ नेला.

मग कागद दोन्ही हातांनी त्याच्याकडे परत दिला.

"उघडेच आहेत की."