ठकूआत्या आणि मागून पायी येणारी झोप

एक होती राजाची पोर, आणि ती कुणाच्या बापाचं ऐकायची नाही. राजाचंसुद्धा नाही, म्हणजे स्वतःच्याच बापाचं नाही! नाव तिचं ठकू. वय वर्षं सहा. पुढचे दोन दात पडलेले, तिथून वारा आत-बाहेर करायचा. ऊठ म्हटलं की ही पांघरूण ओढायची. झोप म्हटलं की टुणकन उठून बसायची. अगदी इथे दोघं बसलीयेत ना डोळे टक्क उघडून, तश्शी.

पाय आवर रे. गोष्टीला पाय लागतो.

तर या ठकूला एक दादा होता. चांगला मोठा, मिशीवाला. त्याची बायको सात समुद्रांपलीकडची, आणि तो तिकडेच राहायचा. एकदा काय झालं, तिकडून सांगावा आला. दादाला मुलगा झाला! बाराव्या दिवशी बारसं. आता बारशाला बाळाच्या कानात नाव कोण सांगतं? आत्या. बाळाच्या बापाची बहीण. आणि राजाला पोरी किती? एकच. म्हणजे आत्या कोण? ही शेंबडी ठकू!

ठकू म्हणाली, "आता मी मोठी झाले. मला आत्याबाई म्हणा." राजवाड्यातला हत्तीसुद्धा तिला आत्याबाई म्हणायला लागला, बरं का. आता खोटं का असेना, गोष्ट आहे ना?

मग निघाली सगळी. राजाकडे होता एक करकोचा, देवळाएवढा. त्याच्या पाठीवर बसायचं, पोटाला पट्टा बांधायचा आणि गप राहायचं. जेवण यायचं एवढ्याशा डबीत. त्या डबीत आणखी डबी, आणि तिच्यात अर्धा लाडू. राणीनं बरोबर काय काय घेतलं! लोणच्याची बरणी घेतली, मेतकूट घेतलं, सुनेला डिंकाचे लाडू, बाळाला कुंची, झबली, काजळाची डबी. सगळं घेतलं, आणि एक गोष्ट मागेच राहिली.

काय? ठकूची झोप.

हसू नका. झोप काही पिशवीत घालून नेता येत नाही. ती असते एक बुटकी बाई, कांबळं पांघरलेली. तिला उडायची भारी भीती. माणसं उडत गेली की ती मागून पायी येते. तुरुतुरु, तुरुतुरु, समुद्राच्या पाण्यावरून. आणि तिला माहीत फक्त घरचा सूर्य. घरी दिवे लागले की ती म्हणते, चला, ठकूच्या उशाशी जायची वेळ झाली.

पण सात समुद्रांपलीकडे काय होतं, घरी दिवे लागले की तिकडे कोंबडा आरवायचा. सगळंच उलटं.

करकोचा तिकडे उतरला तो बाळाचा दहावा दिवस. सकाळची वेळ, ऊन लख्ख. दारात विहीणबाई उभ्या. कनकाराणी त्यांचं नाव. बाळाच्या आईची आई. नथ एवढी मोठी, की आधी नथ दारातून यायची आणि मग बाई. त्यांनी ठकूला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "या का आत्याबाई? मला वाटलं बाळाचं खेळणं आणलंत."

ठकू म्हणाली, "खेळणं नाही. मी नाव ठेवणार आहे."

"नाव आम्ही ठरवलंय," कनकाराणी म्हणाल्या. "प्रचंडखड्गभुजंगबहाद्दर. आमच्या पणजोबांचं."

अहो, एवढं नाव! हाक मारून होईपर्यंत पोरगं म्हातारं व्हायचं.

"आत्या सांगेल तेच नाव," ठकू कमरेवर हात ठेवून म्हणाली. "हवं तर कुणालाही विचारा."

कनकाराणी गोड हसल्या. "अगदी खरं. पण आत्या मुहूर्ताला जागी पाहिजे हं. मुहूर्त भर दुपारचा. आत्या झोपलेली असली, तर आमच्याकडे आजी नाव सांगते."

आणि तेवढ्यात ती बुटकी बाई आली ना तुरुतुरु! ठकूच्या पापण्या जड झाल्या. जिलबी खाता खाता तोंड उघडं राहिलं आणि जिलबी त्यातून लोंबायला लागली. राणीला आली माया. "दमलीय गं पोर," म्हणाली, आणि खोलीचे पडदे ओढले. पडदे कसले? सात पदरी मखमली. आत काळोख गुडुप्प. ठकू झोपली ती दिवेलागण झाली तरी उठेना.

मग रात्री सगळे निजले आणि ठकू उठली. एकदम ताजी! देवघरातली घंटा वाजवली. शिपायांच्या पागोट्यांची गाठोडी केली. भूक लागली म्हणून पाच पुरणपोळ्या खाल्ल्या, तुपासकट. सगळा राजवाडा जागा झाला. कनकाराणी नथ न घालता बाहेर आल्या, तर कुणी त्यांना ओळखेना.

दुसरा दिवस उजाडला, म्हणजे बाळाचा अकरावा. राजानं वैद्य बोलावला. वैद्यानं नाडी बघितली, जीभ बघितली, आणि जायफळ उगाळून दूध दिलं. कधी दिलं? सकाळी! शहाणाच होता. ठकू पुन्हा दिवसभर घोरत पडली. राणीनं पुन्हा पडदे ओढले. कनकाराणी दाराशी येऊन हळूच म्हणाल्या, "झोपू द्या, झोपू द्या. लहान लेकरू ते." आणि जाताना काय गुणगुणत गेल्या? प्रचंडखड्ग, भुजंगबहाद्दर...

मग आली तिसरी रात्र. नाही, दुसरीच. मोजता कशाला, ऐका.

ठकू पुन्हा टक्क जागी. पण आज तिनं घंटा वाजवली नाही. लांबून बारीक रडणं येत होतं, तिकडे गेली. तर वहिनी पाळण्याशी बसलेली, आणि बाळसुद्धा जागं. मुठी वळून, पाय झाडून, लालबुंद.

"वन्सं, तुम्हीपण जाग्या?" वहिनी म्हणाली. एवढी मोठी बाई, पण ठकूला वन्सं म्हणायची, कारण नवऱ्याची बहीण ना.

"हा का झोपत नाही?"

"हापण लांबूनच आलाय की," वहिनी म्हणाली. "तुमच्यापेक्षा लांबून. याला अजून दिवस कुठला नि रात्र कुठली, कळत नाही." मग ती जरा थांबली. डोळ्यांत पाणी आलं. "वन्सं, उद्या जागं राहा हो. मला याला राघू म्हणायचंय. पोटात होता तेव्हापासून मी याला राघूच म्हणते. तुम्ही झोपलात तर ते दुसरं नाव जन्मभर याच्या गळ्यात पडेल. आईसमोर माझं काही चालत नाही."

ठकूनं बाळाकडे बघितलं. बाळानं ठकूकडे बघितलं. त्यालाही दात नव्हते, हिलाही नव्हते. जमलं की दोघांचं!

"राघू," ठकू त्याला हळूच म्हणाली, "आपण कुणाचं ऐकत नाही. झोपेचंपण नाही ऐकायचं."

आणि ती गेली ती थेट राजवाड्याच्या उंबऱ्यावर बसली. वाट बघत.

पहाट झाली. समुद्रावरून आली बुटकी बाई, पाय ओले, कांबळं खारं झालेलं. "चल गं ठकू, रात्र झाली," म्हणाली जांभई देत.

"कुठली रात्र?" ठकू म्हणाली. "हा बघ कोंबडा."

"मला काय कोंबड्याचं? मी तुझ्या घरच्या सूर्यावर चालते."

"मग इथला बघ!"

"कधी दाखवलात मला इथला?" झोप फणकारली. "दोन दिवस आले, तर खोलीत काळोख. मी म्हटलं, बरोबर वेळेवर आले. तुम्हीच पडदे ओढायचे आणि मलाच बोलायचं?"

ठकूच्या डोक्यात काहीतरी चमकलं. पळाली खोलीत. राणी उशी सारखी करत होती, एक हात पडद्याला. "ये बाळा, पड जरा. दुपारी उठवते हं मी तुला."

"नाही!" ठकू ओरडली. "आई, तू उठवतेस आणि मी उठत नाही. मला माहितीय!" आणि तिनं पडद्याला असा लोंबकळून झोका घेतला, असा घेतला, की काडकन दांडी मोडली. सात पदरी मखमल खाली, मखमलीखाली ठकू, आणि ऊन आलं खोलीत धबधब्यासारखं. कनकाराणी तिकडून किंचाळल्या, "माझे पडदे!"

झोप दाराशी उभी होती. डोळ्यांवर हात धरून म्हणाली, "अगंबाई! इथे दिवस आहे होय?" आणि चार पावलं मागे सरली.

मग ठकू अंगणात धावली. अनवाणी, उन्हातून, शिपायांच्या मधून. झोप आणखी मागे, फाटकाशी. मग ठकू आडावर गेली. दोन कळश्या गार पाणी डोक्यावर ओतून घेतलं. हुडहुडी भरली, पण झोप गेली आंब्याच्या झाडामागे. मग ठकू पंगतीत बसली. "मध्यरात्रीच्या पुरणपोळ्या बंद," म्हणाली. "सगळे जेवतील तेव्हाच मी." सकाळची न्याहारी केली, भाकरी आणि लोणचं. लोणच्याची फोड अशी आंबट, की डावा डोळा मिटला तो उघडेचना. उजव्यावर काम चालवलं.

पण झोप ती झोप. दोन दिवसांत कुणी इतकं हटत नाही. ऐन मुहूर्ताला ती झाडामागून निघाली. पाळणा सजलेला, बायका गोळा झालेल्या. आणि ठकूचं डोकं डुलायला लागलं. असं, असं. पाळणे दोन दिसायला लागले. वहिनीचा चेहरा पांढरा पडला. राणीनं हाक मारली, ती ठकूला विहिरीतून आल्यासारखी ऐकू आली.

कनकाराणी पुढे झाल्या. "झोपली वाटतं आत्या. सरका, मी सांगते."

"थांबा!" ठकू कशीबशी म्हणाली. "नाव सांगताना आत्याच्या पाठीत धपाटे घालतात आमच्याकडे. घाला!"

आता तिकडच्या बायका नाजूक. त्यांनी बोटांनी टिकटिक केलं, जसं मांजराला करतात. ठकूला त्यानं आणखीच गुंगी आली.

"जोरात!" ठकू पुटपुटली. "विहीणबाई, तुमच्यात काही दम नाही वाटतं?"

झालं! कनकाराणींच्या मनात काय काय साठलं होतं. घंटा होती, पडदे होते, नथ न घालता बाहेर यावं लागलं ते होतं. त्यांनी बाही सारली, हात उचलला, आणि घातला की एक धपाटा. धप्पकन! राजवाड्याची कबुतरं उडाली. झोप जी घाबरून पळाली, ती थेट समुद्रावर.

ठकूचे दोन्ही डोळे खाडकन उघडले. लोणच्यानं मिटलेलासुद्धा! ती पाळण्यात वाकली, बाळाच्या कानाला तोंड लावलं आणि म्हणाली, "कुर्रर्र! राघू!"

बाळ हसलं. वहिनी रडली. आणि कनकाराणी आपल्या हाताकडे बघत राहिल्या. ज्या हातानं नाव अडवायचं, त्याच हातानं आत्याला जागं केलं! मग त्यासुद्धा हसल्या हो. काय करतात? आणि पहिली घुगऱ्यांची वाटी त्यांनीच ठकूला दिली. "घ्या आत्याबाई," म्हणाल्या, आणि या वेळी खरंच म्हणाल्या.

ठकू दिवे लागेपर्यंत जागी राहिली. मग आली झोप, दबकत, सूर्य बुडाला ना ते दोनदा बघून. "आता आलं तर चालेल का?" तिनं विचारलं.

"आता ये," ठकू म्हणाली. "मी बोलावलं म्हणून ये."

त्या रात्री ठकूला एकदा जाग आलीच, खोटं कशाला सांगायचं. पण तिनं घंटा वाजवली नाही. डोळे मिटून तशीच पडली, आणि बुटकी बाई पुन्हा कांबळ्यात शिरली. दुसऱ्या रात्री जागसुद्धा आली नाही. राघूची झोप मात्र फार लांबून येत होती, तिला पोचायला तीन महिने लागले. वहिनीला विचारा.

मग सगळी तिथे महिनाभर राहिली, खाल्लं-प्यायलं, मजेत खेळली. खोलीला पडदे पुन्हा कुणी लावले नाहीत.

आपलाही पडदा उघडाच ठेवलाय, बरं का. सकाळी ऊन नाकावर आलं की उठायचं. नाही उठलात, तर कनकाराणीचा धपाटा कसा होता तो दाखवण्यात येईल. आता मिटा डोळे. बघा, दाराशी कुणीतरी ओले पाय पुसतंय. येऊ दे आत तिला. गप पडा.