सॅम्पल फ्लॅटमधला पलंग

सांगलीचे बिल्डर धैर्यशीलराव उंचीला सहा फूट, आणि गुर्मी त्याहून हातभर वर. भागीदारांची बैठक त्यांनी सॅम्पल फ्लॅटमध्येच बोलावली आणि चौथा टॉवर जाहीर केला.

हिशेब बघणाऱ्या सुलभाताई म्हणाल्या, "साहेब, धंद्यातून हाती येतं त्याहून जास्त आपण बांधकामात घालतोय."

"आकडे पुरे!" धैर्यशीलराव गरजले. "आकड्यांवाचून पटवा, नाहीतर उद्यापासून घरी बसा."

"मग जरा या पलंगावर आडवे व्हा."

धैर्यशीलराव चपापले. खोली मोठी दिसावी म्हणून तो पलंग त्यांनीच फूटभर तोकडा करून घेतला होता. पण भागीदार बघत होते. नाही कसं म्हणणार? ते आडवे झाले. पाय पलंगाबाहेर आले आणि फाटक्या मोज्यातून अंगठा डोकावला.

"धंद्याची कमाई म्हणजे हा पलंग," ताई म्हणाल्या, "आणि आपला खर्च म्हणजे तुमची उंची. बाहेर आलेल्या पायांखाली काय आहे, साहेब?"

"काही नाही," ते पुटपुटले.

"गिऱ्हाईक या पलंगावर झोपून बघत नाही, म्हणून खपून जातं. आपल्याला मात्र रोज इथंच झोपायचंय."

धैर्यशीलरावांनी मुकाट्याने पाय पोटाशी घेतले.