बसलेल्या हत्तीचं माप

निंबाजी शिंपी भर दरबारात आरोपी म्हणून उभा होता. दसऱ्याच्या स्वारीसाठी हत्तीची झूल शिवायला घेतली, तेव्हा या शहाण्याने बसलेल्या हत्तीचं माप घेतलं. हत्ती उभा राहिला आणि झूल पोटावरच अडकली! मग दोन दिवस खपून त्याने खाली काठ जोडला आणि त्या दुरुस्तीची मजुरी म्हणून तीन रुपये मागितले.

दिवाण भडकले. महाराजांसमोर चाबूकवाला उभा करून ते गरजले, "चूक तुझी, आणि ती निस्तरायचे पैसे आम्ही द्यायचे? ही कुठली रीत? बोल, नाहीतर पंचवीस फटके!"

चाबूक फरशीवर सळसळला, तसे निंबाजीने पागोट्यातून एक कागद काढला.

"सरकार, ही रीत मी दिवाणसाहेबांच्या कचेरीतच शिकलो. गेल्या साली कारकुनाने माझं घर शेजाऱ्याच्या नावावर चढवलं. चूक कचेरीची, पण दुरुस्तीचे तीन रुपये भरले मी. ही पावती, खाली दिवाणसाहेबांची सही. मला वाटलं, राज्याचा कायदाच असा असेल."

त्याने पावती महाराजांपुढे धरली.

"रीत चुकीची असेल तर मजुरी नको, सरकार. माझे ते तीन रुपये तेवढे परत द्या."

महाराजांनी पावती निरखून पाहिली. "दिवाणजी, अशा किती पावत्या फाडल्यात?"

दिवाण बोटांवर मोजू लागले.

"आठवा सावकाश," महाराज म्हणाले. "तोवर चाबूकवाला इथंच थांबेल."