अस्वलीण आणि काळा दगड

फार जुनी गोष्ट आहे. एका रानात उन्हाळ्यात एकच तळं उरायचं. दुसऱ्या रानातले प्राणी येऊन तेही आटवू लागले, तेव्हा सिंहाने तळ्याच्या वाटेवर एक काळा दगड बसवला. त्यावर पंजा ठेवला की दगड तळव्यावरच्या रेषांवरून आपल्या रानातल्याला ओळखून उजळायचा. मगच राखणदार वानर वाट सोडायचा.

एके दुपारी म्हातारी अस्वलीण आली. जन्मभर वारुळं उकरून तिचे तळवे गुळगुळीत झाले होते. तिने पंजा ठेवला, पुसून पुन्हा ठेवला. दगड काळाच राहिला.

वरच्या फांदीवर साळुंक्यांचा वाद रंगला. "नियम चांगलाच आहे, थोडी गैरसोय व्हायचीच," एक म्हणाली. "कसला चांगला? आपल्यावर नजर ठेवायचा डाव आहे हा," दुसरी म्हणाली. बघता बघता सगळं झाड त्या वादात पडलं. खाली अस्वलीण सुकल्या ओठांनी बसून राहिली.

"बाळा, मी इथलीच रे," ती वानराला म्हणाली.

"ठाऊक आहे, आजी. लहानपणी तूच मला पोळ्यातला मध दिला होतास." वानर वाटेतून बाजूला झाला. "जा, पाणी पी."

मग तो स्वतःच सिंहाकडे गेला. "महाराज, आज मी नियम मोडला," असं म्हणून त्याने घडलं ते सगळं सांगितलं.

 सिंह म्हणाला, "दगड राहू दे. पण तो ज्याला ओळखणार नाही, त्याला तू ओळखत जा."